मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

मातृभाषा मूल आईच्या मांडीवर शिकते. ती शिकण्यासाठी त्याला शाळेत जावे लागत नाही, की नियम पाठ करावे लागत नाहीत. म्हणून पुष्कळांना असे वाटते, की जी भाषा आपणांस येतेच तिचे व्याकरण शिकण्याचे कारण काय? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात हीच समजूत रूढ होती. संस्कृत शिकणारा विद्यार्थी संस्कृताचे व्याकरण घोकी. नव्या शाळेत जाणारा विद्यार्थी इंग्रजीचे व्याकरण घोकी. मराठी मुलाला मराठीचे व्याकरण शिकवण्याची रीत मात्र कोठेच नव्हती. ती रीत ज्या थोड्या विद्वानांनी पाडली, त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव अग्रभागी आहे. संस्कृत भाषेचे नियम बांधून देणारे पाणिनी हे जसे त्या भाषेचे महान वैयाकरण, तसे मराठीच्या बाबतीत दादोबा, असे मानून लोक त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणू लागले.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. त्यावरून त्यांचे आडनाव तर्खडकर पडले. वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे नाव यशोदा. दादोबा चार वर्षांचे असताना, इ. स. १८१८ मध्ये, पेशवाई संपली आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर इंग्रजांचा अंमल सुरू झाला. जुने जग मावळत होते आणि नवे उगवत होते. दादोबांचे बालपण या दोहोंच्या सीमेवर गेले.

त्या काळी मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होई. धूळपाटीवर अक्षरे गिरवावी, उजळणी म्हणावी, पावकी-निमकी पाठ करावी, मोडी वाचावी आणि हिशेब मांडावा, एवढे आले की मुलगा शिकला असे समजत. सुंदर अक्षराला मोठा मान होता. जालना जिल्ह्यातील जांब या गावी इ. स. १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच लिहिला आहे आणि अक्षर कसे असावे ते त्यात सांगितले आहे. अक्षराची अशी चिंता वाहणाऱ्या या भाषेत शब्दांचा विचार मात्र शाळेपर्यंत पोहोचला नव्हता. महानुभाव पंथाच्या पंडितांनी आपल्या धर्मसूत्रांचा अर्थ लावण्यासाठी फार पूर्वीच मराठीच्या व्याकरणाचा विचार केला होता. भीष्माचार्यांचा 'पंचवार्तिक' हा ग्रंथ त्याची साक्ष देतो. परंतु तो विचार त्या पंथाच्या मठांतच राहिला. गावोगावच्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही.

पुढे दादोबा मुंबईच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. ही शाळा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या शिक्षणमंडळीने चालवली होती. तेथे इंग्रजीबरोबर इंग्रजी व्याकरणही शिकवीत. त्या काळी लिंडली मरे यांचे व्याकरण सर्वत्र चाले. मरे हे जन्माने अमेरिकेतील. पुढे ते इंग्लंडातील यॉर्क शहराजवळ येऊन राहिले आणि तेथील एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी इ. स. १७९५ मध्ये हे पुस्तक लिहिले. त्यात इंग्रजीतील सर्व शब्दांची नऊ जातींत वाटणी केली होती आणि प्रत्येक जातीचे लक्षण सांगितले होते. परकी भाषा अशी नीट उलगडून दाखवता येते, तर आपली भाषा का दाखवता येऊ नये, हा प्रश्न बुद्धिमान विद्यार्थ्याच्या मनात उभा राहावा, अशीच ही वेळ होती.

मराठीचा अभ्यास त्या वेळी अगदीच झाला नव्हता असे नाही. इ. स. १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठीचे एक व्याकरण छापले होते. पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू इच्छिणाऱ्या साहेबलोकांसाठी होते. मुंबईत शास्त्रीमंडळींनी तयार केलेला मराठी कोश इ. स. १८२९ मध्ये निघाला आणि मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्ये निघाला. कोशात शब्दाचा अर्थ सापडतो. परंतु तो शब्द वाक्यात आल्यावर कोणते काम करतो, हे सांगणे व्याकरणाचे काम आहे. आणि ते मराठी मुलांना मराठीत सांगणारे पुस्तक हवे होते.

इ. स. १८३६ मध्ये दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके यांचे व्याकरण आणि 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचे बालव्याकरणही तयार झाले. परंतु शाळांतून दीर्घकाळ चालले आणि पुढच्या व्याकरणांना ज्याने वळण लावले, ते दादोबांचेच पुस्तक होय.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. दादोबांपुढे दोन वाटा होत्या. एक संस्कृत व्याकरणाची आणि दुसरी इंग्रजी व्याकरणाची. दोन्ही वाटा जुन्या आणि मळलेल्या होत्या; पण त्यांपैकी कोणतीही एक मराठीच्या दारापर्यंत सरळ जात नव्हती. इंग्रजी नामांच्या आधी येणारे जे एक लहानसे उपपद मरे यांनी शब्दांची पहिली जात म्हणून सांगितले होते, ते मराठीत मुळीच नाही. इंग्रजीत नामाचा इतर शब्दांशी संबंध दाखवणारा शब्द नामाच्या आधी येतो. मराठीत तो नामाच्या मागून येतो, नामाला चिकटतो आणि नामाचे रूपही बदलतो. 'झाड' या शब्दाला 'खाली' जोडला, की 'झाडाखाली' होते. क्रियापदाची गोष्ट तर याहून निराळी. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाने पोळी खाल्ली' या वाक्यांत खाणारा एकच असूनही क्रियापद बदलते, कारण ते कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. असे प्रयोग समजावून सांगण्यास इंग्रजी व्याकरणाचा उपयोग नव्हता. तेथे संस्कृताचा आधार घ्यावा लागला. अशा रीतीने दादोबांनी इंग्रजीकडून शब्दांच्या जातींची मांडणी घेतली, संस्कृताकडून प्रयोगांचा विचार घेतला, आणि ही दोन्ही मापे मराठीच्या अंगाला लावून पाहिली.

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ जाती आज मराठी शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. शालेय पुस्तकांतील ही मांडणी दादोबांच्या व्याकरणापासून चालत आलेल्या परंपरेतील आहे. या जाती पाठ करणे सोपे आहे. परंतु त्या ओळखणे हे खरे कौशल्य आहे. कारण शब्दाच्या तोंडावर त्याची जात लिहिलेली नसते. एकच शब्द एका वाक्यात एक काम करतो आणि दुसऱ्या वाक्यात दुसरे.

'वर' हा दोन अक्षरांचा शब्द घेऊ. 'वर मांडवात आला' या वाक्यात 'वर' म्हणजे नवरदेव. त्याला प्रत्यय लागतो. 'वराला हार घातला' असे म्हणता येते. म्हणून तो येथे नाम आहे. 'पक्षी वर उडाला' या वाक्यात 'वर' हा शब्द पक्षी कोठे उडाला ते सांगतो. तो उडण्याच्या क्रियेविषयी अधिक माहिती देतो. म्हणून तो क्रियाविशेषण आहे. 'पक्षी झाडावर बसला' या वाक्यात मात्र तो एकटा राहिलेला नाही. 'झाड' या नामाला तो जोडला गेला आहे, त्यामुळे 'झाड'चे 'झाडा' झाले आहे, आणि झाड व बसणे यांतील संबंध तो दाखवतो. येथे तो शब्दयोगी अव्यय आहे. लग्नात अक्षता टाकल्यावर 'वरावर अक्षता पडल्या' असे म्हणतात, तेव्हा तर पहिला 'वर' नाम आणि दुसरा 'वर' शब्दयोगी, असे दोघे एकाच शब्दात शेजारी नांदतात. दोघांची अक्षरे एकच आहेत, आणि तरीही त्यांचा घोटाळा होत नाही.

'गोड' या शब्दाचेही तसेच आहे. जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. 'ही मोसंबी गोड आहे' असे म्हटले, तर 'गोड' हा मोसंबीचा गुण सांगतो. तो विशेषण होय. 'कोकिळा गोड गाते' या वाक्यात कोकिळेचा गुण सांगितलेला नाही. तिचे गाणे कसे आहे ते सांगितले आहे. म्हणून येथे 'गोड' क्रियाविशेषण होय. 'त्याला गोड फार आवडते' या वाक्यात 'गोड' म्हणजे गोड पदार्थ. तो कोणाचा गुणही सांगत नाही आणि क्रियेची रीतही सांगत नाही. तो स्वतःच एका वस्तूचे नाव झाला आहे. तेथे तो नाम होय.

शेतकऱ्याच्या घरातील शब्दांतही हाच खेळ चालतो. 'नांगर खळ्यात ठेव' यातील 'नांगर' वस्तूचे नाव आहे. 'आधी हे शेत नांगर' यातील 'नांगर' हे काम करण्याची आज्ञा आहे. 'शेताकडे जाणाऱ्या वाटा चिखलाने भरल्या', 'धाकट्या भावाचा वाटा वेगळा काढला' आणि 'मुलांना पेढे वाटा' या तीन वाक्यांत 'वाटा' हा शब्द तीन वेळा आला आहे. पहिला 'वाट' या नामाचे अनेकवचन, दुसरा हिस्सा या अर्थाचे एकवचनी नाम, आणि तिसरा क्रियापद. 'जनकाने अवघड पण लावला' यात 'पण' हे नाम आहे, म्हणूनच त्याला 'अवघड' असे विशेषण लागले. 'पाऊस आला, पण टिकला नाही' यात तोच शब्द दोन वाक्ये जोडतो आणि उभयान्वयी अव्यय होतो. 'तो आला' यात 'तो' हा नामाऐवजी येतो, म्हणून सर्वनाम. 'तो मुलगा आला' यात 'तो' हा नामाच्या आधी बसून कोणता मुलगा ते दाखवतो, म्हणून त्याचे काम विशेषणाचे.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. शब्द कसा दिसतो यावरून त्याची जात ठरत नाही. तो वाक्यात कोणते काम करतो यावरून ठरते. माणसाचेही असेच असते. एकच गृहस्थ शाळेत शिक्षक असतो, घरी पिता असतो आणि बाजारात गिऱ्हाईक असतो. त्याला कोणत्या नात्याने हाक मारावी, हे तो कोठे उभा आहे यावर अवलंबून असते.

ही ओळख केवळ परीक्षेपुरती उपयोगी नाही. लिहिताना तिचे मोल कळते. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहावे, हा नियम ज्याला ठाऊक नाही, तो 'घरावर कर बसला' असे लिहिण्याऐवजी 'घरा वर कर बसला' असे लिहील आणि वाचणारा क्षणभर अडखळेल. 'दिन' आणि 'दीन' या शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे, तसा कामाचाही फरक आहे. 'दिन' म्हणजे दिवस. ते नाम आहे. 'दीन' म्हणजे गरीब. ते विशेषण आहे. 'सलिल' म्हणजे पाणी, हे नाम. 'सलील' म्हणजे लीलेने युक्त, हे विशेषण. वाक्यात त्या जागी वस्तूचे नाव हवे आहे की गुण हवा आहे, हे ज्याने ओळखले, त्याची लेखणी ऱ्हस्व-दीर्घाच्या वेळी सहसा चुकत नाही. पत्र असो, अर्ज असो, की खरेदीखत असो. त्यातील शब्द जागच्या जागी नसेल, तर लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरे, असा अनर्थ होतो.

व्याकरण लिहिले, तरी ते शिकवणारे शिक्षक हवेत, हे दादोबा जाणून होते. त्यांचे स्वतःचे पूर्वायुष्य अध्यापनातच गेले. माळव्यातील जावरा संस्थानाच्या नबाबाचे ते काही काळ शिक्षक होते. नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आणि सुरतेच्या इंग्रजी शाळेत त्यांनी शिकवले. इ. स. १८४६ मध्ये ते पुन्हा मुंबईस आले आणि शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापन वर्गाचे प्रमुख झाले. येथून तयार झालेले शिक्षक खेड्यापाड्यांतील शाळांत जात. एक शिक्षक घडला, म्हणजे पुढे शेकडो मुले घडतात. व्याकरणाच्या प्रसाराला याहून चांगली जागा दुसरी नव्हती.

दादोबांची चिकित्सक बुद्धी भाषेपुरतीच थांबली नाही. समाजातील रूढींकडेही ते त्याच दृष्टीने पाहत. इ. स. १८४४ मध्ये सुरतेस दुर्गाराम मेहताजी आदी मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. इ. स. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, तिच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. जन्मावरून माणसाला उच्च-नीच ठरवणे या सभांना मान्य नव्हते. त्या काळात असे विचार उघडपणे मांडणे कठीण होते, म्हणून परमहंस सभेचे काम गुप्तपणे चाले. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी पुढे, इ. स. १८६७ मध्ये, मुंबईत प्रार्थना समाजाच्या स्थापनेत प्रमुख भाग घेतला.

इ. स. १८५२ मध्ये दादोबा सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर झाले आणि अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, गेले. पुढे सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. महसुलाच्या आणि न्यायाच्या कामात गुंतलेल्या अधिकाऱ्याने व्याकरण विसरून जावे, असे घडणे साहजिक होते. दादोबांच्या बाबतीत तसे घडले नाही. आपण तरुण वयात लिहिलेला ग्रंथ पूर्ण आणि निर्दोष आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. त्याची दुसरी आवृत्ती त्यांनी इ. स. १८५० मध्ये सुधारून काढली होती. त्यानंतरही आवृत्त्या निघत राहिल्या. मोठा ग्रंथ लहान मुलांना जड जातो हे पाहून त्यांनी इ. स. १८६५ मध्ये खास मुलांसाठी लघुव्याकरण लिहिले.

त्याच वर्षी त्यांचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मोरोपंतांच्या 'केकावली' या काव्यावरील टीका होय. टीका म्हणजे येथे दोष काढणे नव्हे, तर अर्थ उलगडून सांगणे. मोरोपंतांची भाषा संस्कृतप्रचुर आणि समासांनी भरलेली आहे. तेथे प्रत्येक शब्द कोणाशी जोडायचा हे कळल्यावाचून अर्थ लागत नाही. व्याकरणाच्या जाणकाराने काव्याची वाट कशी सुगम करावी, याचा हा ग्रंथ एक नमुना आहे. दादोबांनी त्याला 'यशोदापांडुरंगी' असे नाव दिले. आई-वडिलांची नावे ग्रंथाला देऊन त्यांनी त्यांचे ऋण असे स्मरले.

विद्वानांच्या जगात मतभेद व्हायचेच. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्या काळचे थोर पंडित. त्यांनी 'मराठी शालापत्रक' या मासिकातून मराठी व्याकरणावर निबंध लिहिले आणि त्यांत दादोबांच्या मतांची बारकाईने तपासणी केली. ज्या पुस्तकाला शाळांत मान्यता होती, ज्यावर आपले नाव उभे होते, त्याचे दोष असे चारचौघांत दाखवले जाणे कोणालाही सुखाचे वाटत नाही. एखाद्याने रागाने लेखणी खाली ठेवली असती किंवा आपलेच खरे म्हणून वाद वाढवला असता. दादोबा मात्र अभ्यास करीत राहिले. इ. स. १८८१ मध्ये, म्हणजे पहिल्या व्याकरणानंतर पंचेचाळीस वर्षांनी, त्यांनी आपल्या व्याकरणाची 'पूरणिका' प्रसिद्ध केली. पूरणिका म्हणजे उणीव भरून काढणारे पुस्तक. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेले काम ते सदुसष्टाव्या वर्षीही पुरे करीतच होते.

पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, दादोबांचे निधन झाले. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिण्यास घेतले होते; ते अपुरेच राहिले. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादून इ. स. १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते आणि त्या काळच्या मुंबईचे व शाळांचे चित्र त्यात पाहावयास मिळते.

दादोबांनी घातलेल्या पायावर पुढच्या अभ्यासकांनी इमारत उभारली. कवी केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी इ. स. १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा विस्तृत ग्रंथ लिहिला. दादोबा, कृष्णशास्त्री आणि इतर सर्व वैयाकरणांची मते त्यांनी एकेक करून तपासली. काही स्वीकारली, काही सोडून दिली. शब्दांच्या जातींविषयीची चर्चा आजही संपलेली नाही. तरीही ती ज्या शब्दांत चालते, ती परिभाषा बहुतांशी जुन्या वैयाकरणांनीच सिद्ध करून ठेवलेली आहे.

दादोबांचे पुस्तक मुंबई इलाख्यातील शाळांसाठी होते. त्या वेळी जालना आणि सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे घरात मराठी आणि दरबारात प्रथम फारसी व नंतर उर्दू अशी स्थिती होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची स्थापना इ. स. १९१८ मध्ये झाली, तेथे उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, घनसावंगी, बदनापूर किंवा जाफराबाद येथील मूल ज्या आठ जाती शिकते, त्याच रत्नागिरीचे आणि नागपूरचे मूलही शिकते.

बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात, आणि ते खरे आहे. परतूरच्या शेतकऱ्याचे बोलणे आणि वसईच्या कोळ्याचे बोलणे एकसारखे नसते. उच्चार निराळे, हेल निराळे, कित्येक शब्दही निराळे. परंतु दोघांच्या बोलण्यात नाम हे नामाचेच काम करते आणि क्रियापद हे क्रियापदाचेच. कोणतीही बोली नियमावाचून चालत नाही. आपल्या आईची भाषा ही अव्यवस्थित शब्दांची रास नसून तिलाही संस्कृतासारखी आणि इंग्रजीसारखी स्वतःची व्यवस्था आहे, हे दादोबांनी मराठी मुलांना मराठीतून दाखवून दिले. तेव्हापासून मराठी मूल आपली भाषा नुसती बोलत नाही. ती समजूनही घेऊ लागले. दादोबांचे हे ऋण मराठी भाषा कधी विसरणार नाही.

स्वाध्याय

१. दादोबांच्या पूर्वी मराठी मुलांना मराठीचे व्याकरण का शिकता येत नव्हते?

२. इंग्रजी व्याकरण जसेच्या तसे मराठीला का लावता आले नाही? दोन कारणे सांगा.

३. 'पूरणिका' या ग्रंथावरून दादोबांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?

४. पुढील वाक्यांतील 'मागे', 'कर' आणि 'खरे' या शब्दांची जात ओळखा व कारण सांगा :
(अ) मुलगा मागे वळला. घरामागे विहीर आहे.
(आ) आधी अभ्यास कर. ग्रामपंचायतीने कर वसूल केला.
(इ) हे वचन खरे आहे. मुलांनी नेहमी खरे बोलावे.

५. 'वर', 'गोड' आणि 'वाटा' हे शब्द निरनिराळ्या जातींत येतील अशी तुमची स्वतःची वाक्ये तयार करा.